माझं आपलं मत

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नापास होऊन गावी परत आलो होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण आमच्या आण्णांनी तो लावला. "जिल्हा पास झाला अन् आमचं पोरगं नापास," असं ते माझ्यासमोर, माझ्याकडं न बघता, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आण्णा म्हणजे माझे वडील. मारायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. फक्त मी ओसरीवर आलो की उठून आत जायचे. घरात मी, आण्णा, माय, थोरला भाऊ आणि त्याची बायको सुमनवहिनी अशी पाच माणसं होतो, आणि जिल्हा झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पाचातलं एकही दुसऱ्याशी धड बोलत नव्हतं. दोन सालं पाऊस झाला नव्हता. परसातला आड कोरडा पडला होता. रहाटाचा आवाज बंद झाला आणि त्याच्या जागी रिकाम्या हंड्या-घागरींचा आवाज घरात शिरला. सकाळी वहिनी हंडे घेऊन निघायची तेव्हा ते एकमेकांवर आपटायचे, आणि माय आतून म्हणायची, "हळू की. भांडी फोडतीस का काय." भांडी पितळेची होती, फुटणार कशी. पण बोलायला निमित्त लागायचंच.

जेवणात तर भांडायलाही काही उरलं नव्हतं. सकाळी भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजल्या पिठाची, आमटी, संध्याकाळी भाकरी आणि हुलग्याचं पातळ माडगं. भाजी म्हणून वाळवलेली अंबाडी, ती शिजवायला पाणी जास्त लागतं म्हणून आठ दिवसांतून एकदा. वहिनी ताट वाढताना मला आमटीची वरची तर्री घालायची; ते माझ्या आणि तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्यावरून मायचे टोमणे सुरू झाले की ती चुलीत फुंकणीनं जोरात फुंकायची, म्हणजे टोमणा ऐकू आला नाही असं दाखवता यायचं. मी नापास आणि ती बिनमुलाची, म्हणून आमचं दोघांचं जमत असावं. हे आज लिहिताना सुचतंय. तेव्हा मला फक्त तर्रीशी मतलब होता.

घरात किंमत नव्हती म्हणून मी शेकूभाईंच्या हॉटेलात जाऊन बसायचो. औशाकडं जाणारी एसटी थांबायची तिथंच समोर ते होतं. चार बाकडी, एक रेडिओ आणि सकाळच्या गाडीनं येणारा पेपर. शेकूभाई चष्मा कपाळावर ठेवून म्हणायचे, "दिगू, पढ रे बाबा. देखेंगे दुनिया में क्या होरा." दिगू म्हणजे मी, दिगंबर. मी पेपर मोठ्यानं वाचायचो. आधी नुसता वाचायचो, मग एकेका बातमीवर दोन शब्द आपले टाकायला लागलो, आणि लोकांना बातमीपेक्षा ते दोन शब्द आवडायला लागले. "जिल्हा झाला, आता काय व्हतंय बघा," असं कुणी म्हणालं की मी म्हणायचो, "काय व्हनार? पहिलं आपले अर्ज उस्मानाबादला जाऊन मरायचे, आता लातुरात मरतेल." बाकडी हसायची. क्रिकेटची कॉमेंट्री लागली की मी सांगायचो, "ह्या कप्तानाला काढा, पाय हालत न्हाईत त्याचे." मी आयुष्यात कातडी चेंडू हातात धरला नव्हता. औशात तंबूचं टॉकीज आलं की कोणत्या नटीनं आता आईची कामं करावीत हे मी ठरवायचो. लस टोचली की हाडं ठिसूळ होतात, हेही मीच एकदा ठरवलं होतं. गोविंदतात्या म्हणून गावातले मोठे शेतकरी रोज तिथं बसायचे. ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "शिकल्यालं पोरगं हाय, काय खोटं सांगतंय का?" घरात मला बघून उठून जाणारा बाप होता, आणि इथं मी आलो की बाकड्यावर सरकून जागा देणारी माणसं होती. चहा फुकट मिळायचा तो वेगळाच.

त्याच उन्हाळ्यात वाघमारे आला. सुधाकर वाघमारे, आरोग्य खात्याचा कर्मचारी, मूळचा नांदेडकडचा, धर्माबादजवळचा. माझ्याच वयाचा. तो बौद्ध आहे हे गाडीतून उतरायच्या आधी गावाला कळलं होतं, त्यामुळं त्याला भाड्यानं खोली मिळाली नाही. शाळेच्या बाजूच्या पडक्या खोलीत त्यानं आपली वळकटी टाकली. त्याचं काम नारूचं. नारू आता कुणाला माहीत नाही. माणसाच्या पायातून दोऱ्यासारखा लांबलचक जंत निघायचा, तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. आमच्याकडं दर उन्हाळ्यात दोन-चार जणांना व्हायचाच, आणि तो का होतो याचीही आमच्या हॉटेलात मतं होती. वाघमारे सांगायचा की तो बारवेच्या पाण्यातून होतो. गावाची बारव मोठी, खाली पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या. आड आटल्यामुळं सगळं गाव तिथं उतरायचं, बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहून हंडे भरायच्या. ज्याच्या पायाला नारू आहे तोही त्याच पाण्यात उभा राहायचा. वाघमारे काचेच्या ग्लासात ते पाणी घेऊन घरोघर हिंडायचा, ग्लास उन्हात धरायचा आणि म्हणायचा, "हे ठिपके उड्या मारून राहिले, दिसतात का? यांच्या पोटात नारूचं बी हाय. पाणी गाळून प्या, बास." मग दुहेरी शिवलेलं पांढरं कापड द्यायचा. बारवेत तो गाठी मारलेली दोरी सोडून पाणी मापायचा, वहीत काहीतरी गणित करायचा आणि तेवढंच औषध मोजून पाण्यात टाकायचा.

त्याच्याआधी त्याच्या समाजातलं कुणी त्या पायऱ्या उतरलेलं गावानं पाहिलं नव्हतं. बौद्धवाड्यातल्या बाया ओढ्याच्या वाळूत झिरे खणून, वाटीवाटीनं पाणी भरायच्या. सरकारी माणूस म्हणून वाघमारेला कुणी तोंडावर अडवत नव्हतं, पण तो वर आला की पायऱ्यांवर बसलेले लोक उठून जायचे. मायनं त्याचं कापड चिमटीत धरून कोनाड्यात फेकलं. "त्याच्या हातचं फडकं आपल्या हंड्यावर? जमायचं न्हाई," ती म्हणाली. ती शेतात गेली की वहिनी ते काढायची, पाणी गाळायची, कापड धुऊन पुन्हा कोनाड्यात टाकायची. मी एकदा पाहिलं तर हसून म्हणाली, "भावजी, ग्लासात बघितलं का तुम्ही? किती किडे व्हते. कसं प्यावं ते."

मला वाघमारेचा राग होता, आणि त्याचं कारण जात नव्हती असं मी कितीतरी वर्षं मानत आलो. त्याला माझ्याच वयात नोकरी होती, बायका त्याचं ऐकत होत्या, आणि तो बी.एस्सी. पास होता. आता वाटतं, दुसऱ्या एखाद्या जातीचा पोरगा इतका पुढं गेला असता तर मी त्याच्या मागं मागं हिंडलो असतो. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही व्हॉलीबॉल खेळायचो. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. एक दिवस एक गडी कमी होता म्हणून पलीकडच्या बाजूनं तो उभा राहिला. तिसऱ्याच बॉलला त्यानं उडी मारून असा स्मॅश मारला की बॉल सरळ माझ्या तोंडावर. नाकातून रक्त आलं. पोरं हसून लोळली. तो जाळीखालून धावत आला, "लागलं का हो? सॉरी," म्हणाला आणि स्वतःचा रुमाल पुढं केला. मी तो घेतला नाही. शर्टाच्या बाहीनं नाक दाबून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं नाक सुजलेलं, आणि हॉटेलात आल्या आल्या गोविंदतात्यांनी विचारलं, "काय रे, नारूवाल्यानं हानलं म्हनं तुला?" सगळे हसले. मी पेपर उघडला. कुणीतरी सहज विचारलं, "ते बारवंत टाकतंय काय म्हनावं ते?" आणि मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "पोरं बंद करायचं औषध हाय. नवा जिल्हा, नवं टार्गेट. नसबंदीला लोक पळायले, मग आता पाण्यातून द्यायलेत. माझं आपलं मत."

मी हे ठरवून बोललो नव्हतो. तोंडाला आलं ते सोडून दिलं, रोजच्यासारखं. हसतील असं वाटलं होतं. कुणीही हसलं नाही. शेकूभाईंनी कपबशी धुता धुता मान वळवली. "दिगू, ये पेपर में है क्या?" त्यांनी विचारलं. मी पान उलटलं आणि म्हणालो, "आतल्या पानावर व्हतं, परवाच्या." आणीबाणीतल्या नसबंदीच्या गाड्यांची भीती लोकांच्या मनातून अजून गेली नव्हती, बारवेत कोण उतरतो याचा राग तर आधीपासून होताच. तो राग मोकळा बोलून दाखवायची लोकांना थोडी लाज होती. मी त्यांना एक सभ्य कारण दिलं.

संध्याकाळी बायका बारवेवरून रिकामे हंडे घेऊन परतल्या. आमच्या घरी वहिनीनं हंडा उंबऱ्यावर ठेवला आणि मला परसात गाठलं. तिचा चेहरा उतरला होता. "भावजी, खरं हाय का ते? औषधाचं? तुम्ही वाचलं म्हनं." तिथं कुणी नव्हतं. ना गोविंदतात्या, ना बाकडी. मला एवढंच म्हणायचं होतं, वहिनी, मी उगं बोललो. पण तिनं ज्या तऱ्हेनं विचारलं, म्हणजे मी सांगेन ते खरं धरून, ते मला सुखावून गेलं. "मग काय खोटं असंल का," मी म्हणालो. तिनं पदराला हात पुसले. "मी तर म्हैनाभर त्याचंच फडकं वापरायले," ती हळूच म्हणाली, आणि कोनाड्यातलं कापड काढून चुलीत घातलं. औषध पाण्यात आणि कापड पाणी गाळायला, दोन्ही वेगळी, एवढंही मी तिला सांगितलं नाही. चार वर्षं मुलाची वाट पाहणारी बाई; तिला त्या क्षणी काय वाटलं असेल याचा विचार मी पुढं फार केला. त्या दिवशी केला नाही.

तिसऱ्या दिवशी वाघमारे औषधाचा डबा घेऊन बारवेवर गेला तेव्हा पन्नासभर माणूस आधीच जमलं होतं. मीही होतो, मागं. गोविंदतात्यांनी त्याची वाट अडवली. "डबा खाली ठेव. आमची वंशावळ बुडवायला आलास का?" वाघमारेला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो खाली उतरला, आदल्या आठवड्यात औषध टाकलेल्या त्या पाण्यातून ओंजळ भरून सगळ्यांसमोर प्याला आणि पुन्हा वर आला. "बघा. माझंबी लग्न व्हायचंय," तो म्हणाला. कुणीतरी ओरडलं, "त्याला सरकारनं उतारा दिला असंल!" आणि मग दुसऱ्या कुणीतरी त्याची जात काढली, जुन्या शब्दात. तो शब्द मी उच्चारला नव्हता, हे मी पुढं किती दिवस स्वतःला सांगत होतो. वाघमारेनं गर्दीत नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "दिगंबरराव," तो म्हणाला, "तुम्ही शिकलेले हाव. तुम्हीच सांगा ना यांना."

सगळे माझ्याकडं वळले. मला अजूनही ते ऊन आठवतं, दगडांवरून परत येणारं. मी म्हणालो, "मला काय माहीत? मी आपलं मत सांगितलं."

एवढं पुरलं. डबा हिसकावताना त्याला धक्का बसला आणि तो आठ-दहा पायऱ्या खाली गेला. उजवं मनगट मोडलं. ते छातीशी धरून तो वर आला, कुणाकडं न बघता खोलीवर गेला आणि वळकटी एका हातानं ओढत दुपारच्या गाडीनं निघाला. शेकूभाईंनी त्याला वळकटी चढवायला मदत केली. मी समोर बाकड्यावर होतो. त्यानं बदली मागून घेतली असं नंतर कळलं. खात्याचं कुणी गावात पुन्हा आलं नाही, बायका पुन्हा बारवेत उतरून पाणी न गाळताच भरू लागल्या, आणि गावाला त्याचं काही वाटलं नाही. मी पेपर वाचत राहिलो.

नारूचं असं असतं की पाणी आज प्यावं आणि जंत वर्षानं निघावा. त्यामुळं कुणाला रंगेहात पकडता येत नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणीच्या तोंडावर, गावात ज्या घरात जावं त्या घरात कुणीतरी पाय सुजवून पडलेलं. गोविंदतात्यांचे दोन्ही गडी पडले. ज्यांना बारव बंद होती त्या बौद्धवाड्यात मात्र, वाळूतलं पाणी पिऊन, एकालाही झाला नाही. आमच्या घरात वहिनीच्या घोट्यावर फोड आला. आग व्हायची म्हणून ती पाय पाण्यात धरून बसायची, आणि फोड फुटून पांढरं टोक दिसायला लागलं. मायनं गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं घाई केली आणि जंत आतच तुटला. चार दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झाला. भावानं तिला लातूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण घोटा कायमचा आखडला. ती घरी आली ती काठी टेकत. मायनं तिला बाजेवर बसवलं आणि पहिल्यांदा तिच्यासाठी स्वतः भाकरी थापली. त्या दिवशी मला आमटी खाववली नाही. ताट सोडून उठलो तर आण्णा म्हणाले, "आता याला काय झालं?"

वाघमारे देवणीकडं आहे हे मी शोधून काढलं आणि दोन गाड्या बदलून गेलो. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात टेबलाशी लिहीत बसला होता. मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. मला पाहून त्यानं बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: व्हॉलीबॉल, हॉटेल, परवाचा पेपर, वहिनी. तो ऐकत होता की लिहीत होता कळत नव्हतं.

"माफी मागायला आलाव का?" शेवटी त्यानं विचारलं.

"हो. अन् तुम्ही परत या म्हणायला."

"माफीचं राहू द्या, ती माझ्याजवळ न्हाई." त्यानं पेनाचं टोपण लावलं. "मी येईन. ते माझं काम हाय, तुमच्यासाठी न्हाई येऊन राहिलो. पण मी यायच्या आधी तुम्ही त्याच हॉटेलात, त्याच बाकड्यावर बसून खरं सांगायचं. मोठ्यानं. जसा पेपर वाचता तसं."

मी सांगितलं. दुसऱ्याच सकाळी, गाडी येऊन गेल्यावर, सगळी बाकडी भरलेली असताना. पेपर हातात न घेता म्हणालो, की औषधाचं मी मनानं रचलं होतं, कोणत्याही पेपरात काही नव्हतं, वाघमारे खरं बोलत होता. मला वाटलं होतं, मारतील. त्यांनी मारलं नाही. गोविंदतात्या हसले. "खात्यानं नोकरी देतो म्हनलं वाटतं दिगूला," ते म्हणाले, आणि बाकडी हसली, अगदी पूर्वीसारखी. माझं खोटं लोकांनी एका दमात गिळलं होतं आणि खरं मात्र त्यांना विनोद वाटलं. फक्त शेकूभाई हसले नाहीत. माझ्यासमोरचा भरलेला कप त्यांनी उचलून परत नेला. पुढं कितीतरी वर्षांनी ती महामारी आली तेव्हा माझा पुतण्या, म्हणजे वहिनीला उशिरा झालेला मुलगा, मोबाईलवरून दिवसाला दहा उपाय पाठवायचा. मी त्याला फोन करून इतका बोललो की तो दोन वर्षं माझ्याकडं आला नाही. लोक म्हणतात म्हातारा तिरसट झालाय. झालो असेन.

हॉटेलातली गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. वहिनी ओसरीवर, दुमडलेल्या पोत्यावर पाय ठेवून बसली होती. "भावजी," ती म्हणाली, "आदी मला सांगायचं व्हतं. हाटेल मागून."

"वहिनी, मी..."

"नगा. तुमचं बोलनं लई ऐकलं म्या."

दोन दिवसांनी वाघमारे आला. सकाळी बारवेवर तो एकटाच दोरी सोडून पाणी मापत होता आणि बायका वर कडेला हंडे घेऊन घोळक्यानं उभ्या होत्या. कुणी अडवत नव्हतं, कुणी खालीही उतरत नव्हतं. तेवढ्यात वहिनी काठी टेकत आली. मला तिनं घरून सोबत घेतलं होतं, हंडा उचलायला. का ते सांगितलं नव्हतं. वाटेत एकच वाक्य बोलली, "तिथं तुम्ही काई बोलू नका." एकेक पायरी बसत, सरकत ती खाली गेली. वाघमारेचं औषध टाकून झालं होतं. तिनं त्याच्याकडं हात पसरला आणि म्हणाली, "भाऊ, ते फडकं द्या." त्यानं दिलं. तिनं ते हंड्याच्या तोंडाला बांधलं आणि मग वर बायकांकडं बघून लुगडं पोटरीपर्यंत सारलं.

"ह्यो बघा माझा पाय," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण बारवेत तो घुमला. "म्या म्हैनाभर गाळून प्याले अन् मग सोडलं. कुनाच्या तरी सांगन्यावरून सोडलं. ज्याला असा पाय पायजे त्यानं खुशाल तसंच भरा."

तिनं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. वरून आधी एक म्हातारी उतरली, मग तिची सून, मग तिघीचौघी. वाघमारे पिशवीतून कापडं काढून पायरीवर ठेवत गेला, बायका ती स्वतः उचलत गेल्या. दोघी मात्र तोंड फिरवून तशाच निघून गेल्या. वाघमारेनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. वहिनीनं भरलेल्या हंड्याकडं बोट दाखवलं. मी तो खांद्यावर घेतला आणि तिच्या मागं, तिच्या पावलानं, म्हणजे फार हळू, पायऱ्या चढू लागलो. हॉटेलासमोरून जाताना बाकड्यावरून कुणीतरी काहीतरी म्हणालं. मला ते स्पष्ट ऐकू आलं आणि त्यावर चांगलं उत्तरही सुचलं होतं. वहिनी थांबली, मागं वळून माझ्याकडं बघत उभी राहिली. मी काही बोललो नाही. मग ती पुढं चालायला लागली.